मंडळीतले बोलणे-चालणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचा सेक्रेटरी म्हणून काही वर्षे काम केल्यावर माझे एक मत पक्के झाले. कडू शब्दांनी माणसे दुखावतात हे खरेच. पण त्याहून अधिक माणसे दुखावतात ती योग्य शब्द भलत्याच माणसापाशी बोलला गेल्यामुळे. पाळकसाहेब, पंच, भगिनी मंडळ आणि तरुण संघ यांच्याकडून वेळोवेळी जे प्रश्न येत राहिले, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरे येथे दिली आहेत.

मंडळीत स्पष्ट बोलणे म्हणजे नेमके काय?

ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याशीच बोलणे, जी गोष्ट सांगायची तीच सांगणे, आणि ती शिळी होण्याआधी सांगणे. याच्या नेमके उलटे वागण्यासाठी आपल्या भाषेत एक अचूक म्हण आहे: लेकी बोले सुने लागे. सासू लेकीवर ओरडते आणि रोख असतो सुनेवर. घरात जे स्वयंपाकघरात चालते, ते मंडळीत उपदेशात, सूचनांमध्ये, प्रार्थनेत आणि हल्ली मोबाइलवर चालते. बोलणाऱ्याला वाटते की आपण कोणाचे नाव घेतले नाही, म्हणजे सभ्यपणा पाळला. ऐकणाऱ्या दहा जणांना मात्र वाटते की टोमणा आपल्यालाच होता. आणि ज्याला तो होता, तो बहुधा शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावत असतो.

याला पवित्र शास्त्रात आधार कोठे आहे?

सर्वांना ठाऊक असलेला आधार मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा. त्याने ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. हा क्रम आपण तोंडपाठ म्हणतो आणि आचरणात मात्र तो उलटा लावतो: आधी निम्म्या मंडळीला कळते, मग एकदोन वडीलधारी मध्यस्थीला येतात, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला सगळ्यांत शेवटी, तेही त्याच्या मेहुण्याकडून कळते.

माझ्या मते याहूनही उपयोगी असा एक प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेममधील पहिल्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुदी विश्वासणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी ही कुरकुर दाबली नाही, आणि ‘हे कोण बोलले’ याची चौकशीही लावली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले, आपल्याला वचनाची सेवा सोडून पंक्तीची व्यवस्था पाहता येणार नाही हे उघडपणे सांगितले, आणि त्या कामासाठी सात माणसे निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव ही सातही नावे ग्रीक वळणाची आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांवर विश्वास टाकला गेला, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. तक्रार उघड झाली, म्हणूनच तिच्यातून व्यवस्था उभी राहू शकली. ती विहिरीवरच राहिली असती, तर तिच्यातून दोन मंडळ्या उभ्या राहिल्या असत्या.

मी फटकळ आहे, पण मनाने साफ आहे. एवढे पुरेसे नाही का?

नाही. मन साफ आहे की नाही हे देव पाहतो. मंडळीला फक्त जीभ ऐकू येते. इफिसकरांस पत्रात (४:१५) सत्य आणि प्रीती ही दोन्ही एकाच वाक्यात आली आहेत, आणि त्यांतले एक आपल्या सोयीने गाळण्याची सवलत कोणालाही दिलेली नाही.

नाव न घेता सर्वांना मिळून सूचना दिली तर काय बिघडते? एकाला वेगळे काढण्यापेक्षा ते बरे नव्हे का?

याचे उत्तर मी माझ्याच चुकीवरून देतो. एका वर्षी वार्षिक वर्गणीची थकबाकी वाढली होती. उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये मी वाचले, “काही सभासदांनी वारंवार सांगूनही वर्गणी भरलेली नाही, ही खेदाची बाब आहे.” त्यानंतर सलग तीन रविवार एक वयस्कर मावशी उपासनेला आल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला, मग कपाटातून आपले ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक काढले आणि त्याच्या पानांमध्ये जपून ठेवलेल्या दोन पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. त्यांनी वर्गणी दोन हप्त्यांत भरली होती, आणि दुसरा हप्ता थोडा उशिरा भरल्याची बोच त्यांच्या मनात होतीच. माझे वाक्य नेमके तेथे जाऊन लागले. ज्या तिघांची थकबाकी होती, त्यांपैकी त्या रविवारी कोणीच देवळात नव्हते.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो. ज्या सूचनेत ‘काही सभासद’, ‘काही जण’ किंवा ‘ज्यांना लागू आहे त्यांनी’ असे शब्द येतात, ती सूचना वाचायची नाही. त्या काही जणांच्या घरी जायचे. तीन घरांना मिळून एक संध्याकाळ लागते. रुसवे काढायला महिने लागतात.

सर्वांना लागू असलेली गोष्ट अर्थातच सर्वांना सांगावी, पण तीही पूर्ण सांगावी. “लवकरच दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असून सर्वांनी सहकार्य करावे” या वाक्यात काम कोणते, खर्च किती, कोण करणार आणि सहकार्य म्हणजे पैसे की श्रमदान, यांपैकी काहीच नाही. ‘घेण्यात येणार’, ‘ठरविण्यात आले’, ‘असे समजते’ ही आपल्या कार्यालयीन मराठीची लाडकी क्रियापदे आहेत, कारण त्यांत कर्ता लपतो. मंडळीच्या कागदावर कर्ता दिसला पाहिजे.

प्रार्थनेच्या विनंतीतून एखाद्याची खाजगी गोष्ट बाहेर पडते. ते कसे टाळावे?

हा प्रश्न नाजूक आहे, कारण यात बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. “अमक्यांच्या घरी सध्या जे चालले आहे त्यासाठी प्रार्थना करू या,” असे कोणी म्हटले की डोळे मिटण्याआधी सगळ्यांचे कान उभे राहतात. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची, त्याला आधी विचारावे, आणि किती सांगू हेही विचारावे. विचारणे शक्य नसेल तर केवळ नाव घ्यावे. तपशील प्रभूला ठाऊक आहेत. त्याला माहिती पुरवण्याची गरज नाही.

देवाच्या घरात विनोद शोभतो का?

हा प्रश्न विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांची भीती निराधार नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात वायफळ बोलण्यावर आणि मोठमोठ्याने हसण्यावर चांगलीच करडी नजर आहे. उलट सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) यांनी आपल्या खोडकरपणाने लोकांना हसवत देवाकडे वळवले, आणि मोठेपणाची हवा डोक्यात जाऊ नये म्हणून स्वतःचेच हसे करून घेतले. दोघेही संत आहेत. तेव्हा विनोद मुळातच अपवित्र आहे असे म्हणता येत नाही, आणि तो नेहमी निरुपद्रवी असतो असेही म्हणता येत नाही.

शुभवर्तमाने लहानपणापासून गंभीर आवाजात ऐकल्यामुळे त्यांतला विनोद आपल्या कानांना लागत नाही. डोळ्यात अख्खे मुसळ घेऊन एक गृहस्थ दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघाला आहे, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावे. आपल्या मराठी बायबलमध्ये हा दृष्टान्त कुसळ-मुसळाच्या यमकासकट आला आहे, आणि मराठी घराघरात हीच जोडी म्हण म्हणून बोलली जाते. ती वापरणाऱ्या अनेकांना ती मत्तयाच्या सातव्या अध्यायातही आहे याची कल्पना नसते. मुरकूट (चिलट) गाळून काढणारे आणि उंट गिळणारे शास्त्री, सुईच्या नेढ्यातून जाऊ पाहणारा उंट, ही चित्रे ऐकून त्या काळचे श्रोते हसले नसतील असे मला वाटत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात तर अब्राहाम आणि सारा यांना देवाने वचन दिलेल्या मुलाचे नावच इसहाक आहे, आणि इसहाक म्हणजे ‘तो हसतो’. सारा आधी अविश्वासाने हसली. मूल झाल्यावर तिने तेच हसू आनंदाचे करून सर्वांना वाटले.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पोप फ्रान्सिस यांचे आहे. पावित्र्याविषयीच्या २०१८ सालच्या उपदेशपत्रात त्यांनी आनंद आणि विनोदबुद्धी यांना वेगळी जागा दिली, आणि जून २०२४ मध्ये जगभरातल्या शंभराहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले. याच पोपनी चहाडखोरपणाची तुलना मात्र बॉम्ब टाकून पसार होणाऱ्या दहशतवाद्याशी केली होती.

कोणता विनोद मंडळीत नकोच?

नीतिसूत्रे २६:१८-१९ वाचावे. शेजाऱ्याला फसवून “मी तर गंमत केली” म्हणणारा माणूस तेथे जळते कोलीत आणि बाण फेकणाऱ्या वेड्यासारखा म्हटला आहे. आपल्याकडे हे कोलीत कोठे पडते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. कोणाच्या आजोबांनी कोणत्या जातीतून बाप्तिस्मा घेतला, कोण नव्याने आले, कोणाच्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे, कोणाची मुलगी अजून बिनलग्नाची आहे, कोणाला मूल नाही, यांवरचे विनोद हे विनोद नव्हेत. वसईत घरी कादोडी बोलणारे आणि उपासनेत प्रमाण मराठी ऐकणारे भाविक असोत, की नगर-जालन्याकडून पुण्यात नोकरीला आलेली कुटुंबे असोत, बोलीवरून केलेली थट्टा माणसाला पुढच्या रविवारी मागच्या बाकावर आणि त्यापुढच्या रविवारी घरीच बसवते.

एक कसोटी वापरून पाहण्यासारखी आहे. हसू बोलणाऱ्याच्या स्वतःवर किंवा त्याच्याहून मोठ्या पदावर असलेल्यावर असेल, तर ते बहुधा खपते. त्याच्याहून दुबळ्यावर असेल तर खपत नाही. कापणीच्या सणाला देवळाच्या आवारात होणारा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावण्याची गरज नाही. पुकारणारा भाऊ दुधी भोपळा उंच धरतो, स्वतःच्या पोटाशी त्याची तुलना करतो, आणि वीस रुपयांचा भोपळा हसता हसता पाचशेला जातो. त्याने शेजारच्या ताईंशी तुलना केली असती, तर तोच भोपळा वीसलाही गेला नसता.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांचे नाव नेहमी का घेतले जाते?

कारण मराठी ख्रिस्ती माणसाला स्पष्टपणा आणि हसू एकत्र नांदताना पाहायचे असेल, तर त्यांच्या लेखनाइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षांच्या दुराव्यानंतर त्या परत त्यांच्याजवळ राहायला आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पतीचा तापटपणा, विसराळूपणा आणि सढळ हात, तसेच आपले स्वतःचे सोवळे-ओवळे आणि हट्ट, हे सारे एकाच मापाने आणि एकाच मिस्किल सुरात सांगितले. त्यात कोणाचा सूड नाही आणि कोणाची आरतीही नाही. नवऱ्याला हसताना त्या स्वतःला वगळत नाहीत, म्हणून वाचकाचा दोघांवरही जीव जडतो.

त्यांची भाषा बोलण्यातली आहे, हेही महत्त्वाचे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही सामान्य स्त्रियांना समजावे अशा सोप्या भाषेत. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून पूर्ण झाले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीने सोपे शब्द निवडले, ही गोष्ट जड शब्दांत प्रार्थना करणाऱ्या आपल्यासारख्यांनी अधूनमधून आठवावी. अन्य भाषांत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द बरे, हे प्रेषित पौलाचे मत (१ करिंथ १४:१९) आहेच.

गैरहजर माणसाविषयी अजिबात बोलायचेच नाही, हे व्यवहारात शक्य आहे का?

एकत्र राहणाऱ्या ख्रिस्ती समूहांनी हा प्रयोग करून पाहिला आहे. जर्मनीत सान्नर्त्स या खेड्यात एबरहार्ड आणि एमी आर्नोल्ड यांनी १९२० साली सामूहिक जीवन सुरू केले. पुढे हा समूह ब्रुडरहोफ या नावाने ओळखला जाऊ लागला. पाच वर्षांच्या अनुभवानंतर, १९२५ मध्ये, त्यांनी आपला पहिला नियम लिहून काढला. भावाबहिणीविषयी त्याच्या माघारी उघड किंवा आडून काहीही बोलायचे नाही, आपल्या घरातल्या घरातही नाही. खटकले तर थेट त्याच्याशी प्रेमाने बोलायचे, असा तो नियम होता. घरातल्या घरातही नाही, हे कलम कोणी अनुभवी माणसानेच घातले असणार.

जर्मन पाळक आणि धर्मविचारक दिट्रिक बॉनहोफर यांनी फिंकेनवाल्डे येथे भावी पाळकांसाठी १९३५ ते १९३७ या काळात जे प्रशिक्षण केंद्र चालवले, तेथेही असाच नियम होता, आणि त्याला एक शहाणी पुरवणी होती: गैरहजर भावाविषयी तोंडून काही गेलेच, तर ते त्याला जाऊन सांगायचे. ही पुरवणी मला मूळ नियमापेक्षाही मोलाची वाटते. नियम मोडणारच हे ती गृहीत धरते, आणि मोडल्यावर काय करायचे तेही सांगते. नाझी पोलिसांनी ते केंद्र १९३७ मध्ये बंद पाडले.

सभेत दोनच माणसे बोलतात आणि बाकीचे घरी जाताना बोलतात. यावर उपाय काय?

घरी जाताना बोलणाऱ्यांना दोष देण्याआधी सभेत त्यांना कधी विचारले होते का, हे पाहावे. बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या प्रश्नावर सर्व बंधूंना बोलवावे असे सांगितले आहे, कारण अधिक चांगली गोष्ट प्रभू पुष्कळदा सर्वांत लहानाला सुचवतो. कॅथलिक चर्चच्या २०२३ आणि २०२४ मधील सिनॉडच्या (धर्मसभेच्या) बैठकांत हीच दृष्टी ठेवून कार्डिनल, बिशप, सिस्टर आणि सामान्य प्रापंचिक भाविक गोल टेबलांभोवती बसले. आधी प्रत्येकाने पाळीपाळीने थोडा वेळ बोलायचे, मध्ये कोणी तोडायचे नाही; मग काही मिनिटे शांतता; मग दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा पुन्हा न रेटता इतरांच्या बोलण्यातले काय भिडले ते सांगायचे; त्यानंतर चर्चा आणि निष्कर्ष. याला खर्च नाही. भगिनी मंडळाच्या पंधरा जणींत ही पद्धत वापरून पाहिली, तर ज्या सून म्हणून सासूच्या शेजारी गप्प बसतात, त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर गैरसमज फार होतात. तो बंदच करावा का?

बंद करू नये. त्याला त्याचे काम नेमून द्यावे. उपासनेची वेळ, अंत्यविधीची वार्ता, रक्त हवे असल्याची हाक यांसाठी ग्रुप उत्तम आहे. मतभेदासाठी तो वाईट आहे, कारण तेथे आवाज नसतो आणि चेहरा नसतो. पेशवाईतल्या ‘ध’ चा ‘मा’ झाल्याच्या आख्यायिकेत निदान एक अक्षर बदलावे लागले होते. ग्रुपवर अक्षर न बदलताही अर्थ बदलतो. ज्या संदेशावर तिसरे रागाचे उत्तर येते, तेथे फोन उचलावा.

पाळकसाहेबांची किंवा फादरांची चूक कशी सांगावी?

एकट्यात, वेळ मागून, आणि “लोक म्हणतात” असे न म्हणता “मला वाटते” असे म्हणून. ‘लोक’ म्हणजे बहुधा बोलणारा आणि त्याचे घर. उपदेश लांबला हे रविवारी दारात हस्तांदोलन करताना सांगू नये. त्या क्षणी त्यांना फक्त चहा हवा असतो. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला (गलती २), हे खरे आहे. पण पेत्राची चूकही सर्वांदेखतच झाली होती, आणि तिच्यामुळे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, विश्वासणारे पंक्तीतून वेगळे पडत होते.

प्रत्येक तक्रार आधी समोरासमोरच मांडली पाहिजे का?

नाही, आणि याविषयी संदेह राहू नये. लहान मुलांचे किंवा स्त्रियांचे लैंगिक शोषण, मारहाण, पैशांची अफरातफर, अशा प्रसंगी पीडिताला “आधी त्या भावाशी एकट्याने बोल” असे सांगणे हा मत्तय १८ चा दुरुपयोग आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविषयीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू हे माहिती न देण्याचे कारण होऊ शकत नाही. येथे हसतमुखपणाचाही काही संबंध नाही.

सारे नीट बोलूनही पटलेच नाही, तर?

तर पटले नाही असे स्पष्ट म्हणावे आणि आपापल्या कामाला लागावे. योहान ऊर्फ मार्क याला पुढच्या दौऱ्यावर न्यावे की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला की दोघे वेगळे झाले. लूकने प्रेषितांची कृत्ये लिहिताना तो झाकून ठेवला नाही. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियाकडे गेला. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल झगा मागतो, पुस्तके मागतो, आणि मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी मला त्याचा उपयोग आहे, असेही लिहितो.